सेकंदाच्या हजाराव्या भागात

झेलाचं अपील झालंय आणि निर्णय तिसऱ्या पंचाकडे गेलाय. मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर चित्र एकेक करत पुढे सरकतंय. एका चित्रात चेंडू बॅटच्या अलीकडे आहे. पुढच्या चित्रात तो पलीकडे गेलेलासुद्धा आहे. मधलं चित्र, म्हणजे ज्याच्यासाठी अख्खं स्टेडियम श्वास रोखून बसलंय तेच, कुठेच नाही! पंच मग आवाजाच्या रेषेकडे वळतात आणि तिथे एखादा काटा उमटलाय का, ते शोधतात.

मधलं चित्र हरवलं कुठे? ते मुळात काढलंच गेलं नव्हतं. टीव्हीचा साधा कॅमेरा सेकंदाला 50 चित्रं टिपतो. म्हणजे दोन चित्रांमध्ये 20 मिलिसेकंद जातात. आणि बॅट-चेंडूची गाठ पडते ती किती वेळ? अगदी खणखणीत फटका असला तरी साधारण एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. वीस फटके दाखवले, तर एखाद्या फटक्यात ती भेट कॅमेऱ्याला सापडायची.

क्रिकेटमध्ये जे काही घडतं, ज्यासाठी आपण रात्री जागतो, ऑफिसला दांड्या मारतो, ते सगळं या हजाराव्या भागात ठरतं. कधी तिथे डोकावून बघितलंय?

2 एप्रिल 2011, वानखेडे. कुलशेखराचा चेंडू आणि महेंद्रसिंग धोनीचा लाँग ऑनवरून गेलेला तो षटकार. धोनी बॅट उंचावून चेंडूकडे टक लावून बघत राहिला होता, हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आजही तसंच्या तसं आहे. अशा एका फटक्याचा हिशेब मांडू. आकडे त्या विशिष्ट चेंडूचे नाहीत, हिशेबाला सोपे जातील असे घेतलेत. पण खऱ्या क्रिकेटमधलेच आहेत.

वेगवान गोलंदाजाने 140 च्या आसपास टाकलेला चेंडू हवेशी झगडत आणि टप्प्यावर वेग गमावत बॅटपर्यंत पोचतो, तेव्हा ताशी सुमारे 120 किलोमीटरवर आलेला असतो. समजा, फटका बसून तो तेवढ्याच वेगाने उलट दिशेला गेला. आता वेगात फरक किती पडला? शून्य म्हणाल तर फसाल. आधी 120 इकडे होता, आता 120 तिकडे आहे. बदल झाला 240 चा! वेगाला दिशा असते आणि निसर्ग दिशेचा हिशेब पै-पैने ठेवतो.

हा बदल चेंडूच्या वस्तुमानाने गुणायचा. क्रिकेटचा चेंडू 160 ग्रॅमच्या आसपास असतो. वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात, हे शाळेत नववीला शिकवतात. आपल्या चेंडूच्या संवेगात झालेला बदल येतो 10.7 किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. हा बदल घडवायला जो धक्का द्यावा लागतो तो आवेग. त्याचा नियम इतका साधा आहे की त्याचंच नवल वाटतं: आवेग म्हणजे बल गुणिले वेळ. न्यूटनने 1687 मध्ये ‘प्रिन्सिपिया’त आपला दुसरा नियम लिहिला, तोही याच भाषेत, गतीतल्या बदलाच्या. आपण पाठ केलेलं बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण हे रूप नंतर रूढ झालं. मला न्यूटनची मूळ मांडणी जास्त आवडते, कारण फटका समजून घ्यायला तीच थेट उपयोगी पडते.

तर मग 10.7 ला वेळेने भागा. वेळ आहे एक हजारांश सेकंद. उत्तर येतं 10,700 न्यूटन. रोजच्या भाषेत सांगायचं तर हजार किलोंहून जास्त वजनाएवढं बल! एक छोटी मोटारगाडी त्या चेंडूवर ठेवल्यासारखं. आणि हे झालं सरासरी बल. धक्का सुरुवातीला वाढत जातो आणि मग ओसरतो, म्हणजे मध्यावर तो याहूनही बराच जास्त असतो.

थांबा, गल्लीतल्या पोरानेही चांगला टोला हाणला, की चेंडूवर काहीशे किलोंचा भार पडतो. कुठून आणलं त्याने एवढं बळ? दंडात तर नाही! उत्तर वेळेत आहे. त्याने फळी फिरवायला सेकंदाचा चांगला पाचवा-सहावा भाग घेतला, खांदे, कंबर, मनगट यांनी थोडं थोडं करून बॅटमध्ये संवेग भरला. बॅटने त्या साठ्यातला मोठा वाटा एका हजारांशात चेंडूला देऊन टाकला. आवेग साधारण त्याच तोलाचा, पण वेळ शेकडो पट कमी. म्हणून बल कितीतरी पट जास्त.

आता चेंडूकडे जरा जवळून बघा. आत बुचाचा गाभा, त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा, वर कमावलेलं कातडं. हाताला दगडासारखा लागणारा हा सीझन बॉल त्या क्षणी चक्क चेपतो. पुरावा हवा असेल तर खेळून झालेली बॅट उलटीपालटी करून बघा. नव्या चेंडूच्या लाल खुणा दिसतील. गोल वस्तू सपाट पृष्ठभागाला टेकली तर भूमितीप्रमाणे एकाच बिंदूत टेकायला हवी. पण जोरदार फटक्याची खूण चांगली दोन-तीन सेंटीमीटर रुंद असते. चेंडू तेवढा पसरला होता! मग तो पुन्हा गोल झाला आणि गोल होता होताच त्याने स्वतःला बॅटपासून दूर ढकललं. या चेपण्या-फुगण्यात बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. ‘हॉट स्पॉट’ नावाच्या तंत्रात उष्णता बघणारे कॅमेरे बॅटच्या कडेवर जो पांढरा ठिपका दाखवतात, तो चेंडू घासून गेल्यावर तापलेल्या जागेचा असतो.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं आश्चर्य.

फटका बसला तेव्हा फलंदाजाचे हात काय करत होते? काहीच नाही. म्हणजे होते तिथेच, मुठीवर. पण चेंडूच्या दृष्टीने असून नसल्यासारखे. कारण चेंडू पात्यावर आदळला, की त्या धक्क्याची लाट लाकडातून मुठीकडे धावते. ती हातापर्यंत पोचून, ‘इथे कुणीतरी घट्ट धरून बसलंय’ ही बातमी घेऊन परत पात्यावर येईस्तोवर चेंडू निघून गेलेला असतो. नेमक्या त्या हजारांशात फलंदाजाने बॅट सोडून दिली असती, तरी चेंडूच्या वेगात जवळपास काहीच फरक पडला नसता! बेसबॉलच्या बॅटवर प्रयोग करून हे तपासलं गेलं आहे आणि क्रिकेटच्या बॅटीचं भौतिकशास्त्र वेगळं नाही. ऋषभ पंतचा एक हात फटका मारताना मुठीवरून सुटतो आणि चेंडू तरीही प्रेक्षकांत जाऊन पडतो, तेव्हा समालोचक थक्क होतात. चेंडूला त्यात विशेष काही वाटत नसणार. पातं किती वेगाने आलं, एवढंच त्याला कळतं.

मेंदूचं तर विचारूच नका. हाताच्या मज्जातंतूंमधून संदेश जास्तीत जास्त सेकंदाला शंभरेक मीटर वेगाने जातात. चेंडू लागला ही खबर बोटांपासून डोक्यापर्यंत जाऊन तिथे उमगेपर्यंत दहा-वीस मिलिसेकंद सहज जातात. तोवर चेंडू हातभर तरी लांब गेलेला असतो. बॅटचा ‘टक्क’ आवाजसुद्धा फलंदाजाच्या कानाशी चार-पाच मिलिसेकंद उशिराच येतो. जगातल्या कुठल्याही फलंदाजाने आजवर चेंडू बॅटवर असताना तो अनुभवलेला नाही. त्याला जे जाणवतं, ते सगळं होऊन गेलेलं असतं.

इथे एखादा प्रशिक्षक माझ्यावर चिडेल. ‘मग आम्ही फॉलो-थ्रू पूर्ण कर म्हणून घसा कोरडा करतो तो कशाला?’ चेंडू गेल्यावर बॅट खांद्यावर गेली काय किंवा कंबरेशी थांबली काय, चेंडूला फरक पडत नाही हे अगदी खरं. सचिन तेंडुलकरचा स्ट्रेट ड्राइव्ह आठवा. बॅट जेमतेम पुढे येऊन थांबायची आणि चेंडू गोलंदाजाच्या शेजारून सीमेकडे पळालेला असायचा. पण प्रशिक्षकाचंही चुकत नाही. ज्याच्या मनात बॅट थांबवायचं असतं, तो चेंडू लागण्याआधीच नकळत तिचा वेग आवरायला लागतो. फॉलो-थ्रूचा सल्ला नंतरच्या हालचालीसाठी नसतोच; त्याचा सगळा फायदा आधीच्या हालचालीत मिळतो.

चेंडूला फक्त पात्याचा वेग कळतो म्हटलं. पण किती कळतो? गोलंदाजाचा वेग जास्त उपयोगी की बॅटचा? ‘पेस दिला की बॅटवर चेंडू छान येतो’ असं आपण येता-जाता म्हणतो. याचा निकाल लावायला आपल्याला साडेतीनशे वर्षं मागे, हॉलंडमध्ये जावं लागेल. तिथे क्रिस्तियान हॉयगेन्स नावाचा विलक्षण माणूस टकरींचा विचार करत बसला होता. कालव्यांच्या त्या देशात त्याला सुचलेली युक्तीही नावेचीच. नावेत एक माणूस दोन गोळे दोऱ्यांना टांगून त्यांची टक्कर घडवतोय आणि दुसरा काठावरून बघतोय. टक्कर एकच, पण दोघांना दिसणारे वेग वेगळे, कारण नाव चालते आहे. मग ज्याच्या जागेवरून टक्कर सोपी दिसते त्याच्याशेजारी उभं राहून हिशेब करावा आणि शेवटी नावेचा वेग मिळवावा! ही युक्ती मांडणारा त्याचा ग्रंथ हॉयगेन्सच्या मृत्यूनंतर 1703 मध्ये छापला गेला. त्यात ती नाव आणि ते दोघे गृहस्थ चित्रातही आहेत.

आपण त्या नावेऐवजी बॅटवर बसू. बॅट ताशी 80 च्या वेगाने पुढे येतेय, चेंडू 120 ने समोरून येतोय. बॅटवर बसलेल्या आपल्याला चेंडू 200 ने अंगावर येताना दिसेल. आता चेंडू काही रबराचा नाही, आणि धक्क्याने बॅटही मागे रेटली जाते. त्यामुळे मधोमध बसलेल्या फटक्यात आलेल्या वेगाचा साधारण पाचवाच हिस्सा परत मिळतो. म्हणजे आपल्याला तो 40 ने परत जाताना दिसला. आता बॅटवरून उतरून प्रेक्षकांत या. बॅटचे 80 त्यात मिळवा. चेंडू गेला 120 ने!

या छोट्या हिशेबात काय दडलंय, ते बघा. गोलंदाजाने 12 किलोमीटरने वेग कमी केला, तर परतीच्या वेगात घट होते फक्त 2.4 ची. पण फलंदाजाने बॅटचा वेग 12 ने वाढवला, तर परतीचा वेग 14.4 ने वाढतो. बॅटचा एक किलोमीटर गोलंदाजाच्या सहा किलोमीटरांच्या तोडीचा! म्हणून तर फिरकी गोलंदाजाचा 70 च्या वेगाने आलेला चेंडूसुद्धा त्याच बॅटने 110 ने जातो आणि प्रेक्षकांत पडतो. गोलंदाजाचा वेग उधार घ्यायचा तो सीमारेषेच्या दिशेला जाणाऱ्या चेंडूला नुसता वळवताना. 1 मार्च 2003 ला सेंच्युरियनवर सचिनने शोएब अख्तरला पॉइंट-थर्ड मॅनच्या डोक्यावरून भिरकावलं तेव्हा चेंडूची दिशा पूर्ण उलटवायची नव्हतीच. चेंडू त्या बाजूला जात होताच, त्याला वरून-बाजूने थोडा आवेग दिला, पुरे झालं. समोरून षटकार मारायला संवेग आधी शून्यावर आणावा लागतो, मग उलट भरावा लागतो. तिथे उधारी चालत नाही.

हाच हिशेब उलटा चालवून बघा. मला वाटतं, खरी जादू इथेच आहे. बॅट पुढे नेण्याऐवजी किंचित मागे येऊ दिली तर? चेंडू 120 ने येतोय आणि बॅट 20 ने मागे सरकतेय. बॅटवरून चेंडू 100 ने येताना दिसतो, पाचवा हिस्सा म्हणजे 20 ने परततो. त्यातून बॅटचे मागे जाणारे 20 वजा करा. शून्य! चेंडू जागच्या जागी मेला आणि फलंदाजाच्या पायाशी पडला.

‘सॉफ्ट हँड्स’ म्हणतात ते हेच. मूठ सैल असल्याने त्या हजारांशात काही बदलत नाही, ते आपण पाहिलंच. पण सैल मनगटाची बॅट चेंडूवर जाऊन आदळत नाही, त्याच्याबरोबर थोडी मागे येते, आणि तेवढंच हवं असतं. मार्च 1987 मध्ये बंगळुरूला सुनील गावसकर आपला शेवटचा कसोटी डाव खेळले. पाकिस्तानचे फिरकी गोलंदाज, आखाड्यासारखी झालेली खेळपट्टी, बॅटच्या चारी बाजूंना वाकून उभे असलेले क्षेत्ररक्षक. हात-दीड हात पुढे उडालेला प्रत्येक चेंडू म्हणजे झेल. गावसकरांनी तिथे 96 धावा केल्या. त्या डावातल्या चौकारांपेक्षा पायाशी गपकन पडलेले चेंडू आठवून बघा. फिरकीचा 70 चा चेंडू मारून टाकायला बॅट ताशी बारा किलोमीटरच्या जरा आत मागे यायला हवी. जरा पुढे रेटली, की चेंडू सिली पॉइंटच्या हातात. हे गणित कागदावर न मांडता एक माणूस तासन् तास मनगटाने सोडवत होता! मला तरी हे कुठल्याही षटकारापेक्षा मोठं वाटतं.

झेल घेतानाही वेळ लांबवण्याचाच खेळ असतो. ताशी 72 किलोमीटरने आलेला चेंडू ताठ हातांनी पाच सेंटीमीटरमध्ये थांबवला, तर पंजावर सरासरी 65 किलोंचा भार येतो. तोच हात अर्धा मीटर मागे नेत थांबवला, तर साडेसहा किलो. चेंडूकडून घ्यायचा संवेग दोन्ही वेळा सारखाच. मैदानावर लहान पोरांना ‘हात मागे घे रे!’ म्हणून ओरडणारे काका भौतिकशास्त्रच सांगत असतात.

राहिली ती बॅटवरची जागा, जिला सगळे ‘मिडल’ म्हणतात. चेंडू लागला, की बॅट तारेसारखी थरथरते. तिचा एक हेलकावा पुरा व्हायलाच चेंडूच्या भेटीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे बॅट थरथरत राहते ती चेंडू गेल्यावर, आणि त्या थरथरीत गेलेली ऊर्जा चेंडूला कधीच मिळत नाही. पण थरथरणाऱ्या बॅटवर एक जागा अशी असते, जी हलतच नाही. चेंडू बरोबर तिथे आदळला, तर ती थरथर जवळपास उठतच नाही. शिवाय तिच्या आसपासच अशीही एक जागा असते, की तिथे फटका बसला तर मूठ ना पुढे उसळते ना मागे. म्हणून ‘मिडल’ झालेला फटका हाताला जाणवतच नाही असं फलंदाज सांगतात. आणि टोकाला किंवा मुठीजवळ लागलेला चेंडू बोटांना झिणझिण्या आणतो. मुठीत वेत आणि रबराच्या पट्ट्या घालतात, त्या या झिणझिण्या शोषायला. हल्लीच्या जाड कडांच्या बॅटींची गंमतही यातच आहे. वजन तेवढंच ठेवून लाकूड कडांकडे नेलं, की मधोमध न लागलेल्या चेंडूने बॅट हातात कमी वळते आणि चुकलेला फटकासुद्धा बरा जातो. ते फारच बोकाळल्यावर 2017 मध्ये नियम आला: कड 40 मिलिमीटरहून जाड नको, पाठीचा फुगवटा धरून जाडी 67 मिलिमीटरच्या वर नको. गोलंदाजांसाठी हे फार आधी व्हायला हवं होतं.

घरात बॅट आणि सीझन बॉल असेल तर आजच एक करून बघा. मुठीचं वरचं टोक अंगठा आणि एका बोटात अलगद धरा, बॅट खाली लोंबू द्या. चेंडूने पात्यावर टोकापासून सुरुवात करून वरवर हळू हळू टकटक करत चला. बोटांना आधी गुरगुर जाणवेल. मग एका जागी ती एकदम थांबेल आणि आवाजही स्वच्छ येईल. आणखी वर गेलात, की गुरगुर परत सुरू होईल. त्या शांत जागेवर पेन्सिलने खूण करा. बहुतेक बॅटींमध्ये ती टोकापासून साधारण 15 सेंटीमीटरवर सापडते.